मूळ रेकॉर्डिंग पुसू नका : नाशिकच्या स्मृतिसंग्रहाबाबत खुले पत्र

प्रति,
स्मृतिसंग्रहाचे पालकत्व स्वीकारलेल्या संस्थेचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

नाशिककरांच्या तोंडी आठवणींचे रेकॉर्डिंग जपणाऱ्या या संग्रहाचे आम्ही स्वयंसेवक. मंडळाचा ठराव आम्हाला संग्रहाच्या खोलीच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळला. त्यात पाच गोष्टी आहेत. २०२७ च्या सिंहस्थाला येणाऱ्या भाविकांसाठी मुलाखतींमधून दोन-तीन मिनिटांच्या फिती काढायच्या. फिती तयार झाल्या की मूळ रेकॉर्डिंग ‘जागा अडवते’ म्हणून पुसून टाकायचे. संमतिपत्रांच्या आणि नोंदवह्यांच्या फायली रद्दीत काढायच्या. खोली प्रदर्शनासाठी मोकळी करायची. आणि यापुढचे संकलन ठेकेदाराकडून नगावर करून घ्यायचे.

फिती काढायला आमचा विरोध नाही. खोलीबद्दलही बसून बोलता येईल. बाकीच्या तिन्ही गोष्टी आम्हाला मान्य नाहीत आणि त्या का मान्य नाहीत हे चारचौघांत सांगणे भाग आहे. या संग्रहातला एकही शब्द तुमच्या किंवा आमच्या मालकीचा नाही. तो तांबट आळीतल्या कारागिरांचा, पंचवटीतल्या पुरोहितांचा आणि पुजाऱ्यांचा, कोकणीपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांचा, सातपूर-सिडकोत खान्देशातून येऊन राहिलेल्या कामगारांचा, नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या नाशिकरोडकरांचा आहे. त्यांच्या ठेवीचे काय होणार हे त्यांना कळले पाहिजे, म्हणून पत्र उघड लिहीत आहोत. संस्थेचे नाव मात्र मुद्दाम घातलेले नाही. आमची हरकत ठरावाला आहे, संस्थेचे नाव चव्हाट्यावर यावे अशी इच्छा नाही.

यात आमचे काय अडले आहे, असे कोणी विचारील. आम्ही बिनपगारी आहोत, तेव्हा पोटावर पाय येण्याचा प्रश्न नाही. अडकला आहे तो आमचा शब्द. रेकॉर्डर सुरू करण्याआधी प्रत्येक घरात आम्ही एकच सांगितले: तुम्ही बोलाल ते पूर्ण जपले जाईल आणि तुम्ही म्हणाल तेवढेच बाहेर जाईल. त्या भरवशावर माणसांनी पंखा बंद केला, नातवंडांना बाहेर पाठवले आणि बोलायला सुरुवात केली. ठरावाने या शब्दाची दोन्ही टोके तुटतात.

आधी ‘जागा अडवते’ हे कारण तपासू, कारण त्याचा हिशोब सरळ आहे. आम्ही बोलणे २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एका चॅनलवर, वेव्ह फाइलमध्ये घेतो. अशा एका तासाला सुमारे ५२० मेगाबाइट लागतात. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर १,९०० तासांहून जास्त बोलणे मावते आणि ती डिस्क शर्टाच्या खिशात बसते. तीन प्रती ठेवल्या तरी त्या टेबलाच्या एका खणात राहतील. जागेचा प्रश्न असलाच तर तो कागद आणि कॅसेटचा आहे, आणि त्यासाठी एक कोरडे कपाट पुरते.

मग वेव्हऐवजी एमपी-३ ठेवा, असे मंडळातल्या एका सदस्यांनी सुचवल्याचे कळले. एमपी-३ ऐकायला चालते, जपायला चालत नाही. फाइल लहान करताना कानाला सहज जाणवणार नाहीत असे आवाजाचे भाग त्यातून कायमचे टाकून दिले जातात आणि पुन्हा कापून पुन्हा साठवताना प्रत्येक वेळी आणखी काही गळते. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज तर आणखी दाबलेला असतो. साध्या बोलण्यात हे फारसे कळत नाही, पण तांबट आळीतले रेकॉर्डिंग काढून ऐका. तांब्याचा पत्रा मठारताना हातोडीचा नाद हळूहळू बदलत जातो. पत्रा ठोकून ठोकून कडक झाला, आता भट्टीत लाल करून मऊ केला नाही तर चिरेल, हे कारागीर कानाने ओळखतो. बोलता बोलता तो मध्येच थांबतो आणि म्हणतो, “ऐकलं का, आता बोलायला लागला.” त्या वाक्यातला ‘तो’ म्हणजे पत्रा. आवाज ‘स्वच्छ’ करणारे सॉफ्टवेअर नेमका हाच ठोका गोंगाट समजून खाली दाबते, मग वाक्य उरते आणि त्याचा अर्थ जातो. घंगाळे, बंब, हंडे ठोकणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. हा नाद पुन्हा मुद्रित करायला माणूस मिळेल याची खात्री आज कोणी देऊ शकत नाही.

पुढची हरकत लांबीबद्दल. मुलाखती ‘पाल्हाळिक’ आहेत, तीन मिनिटांत सार येते, असे ठरावात म्हटले आहे. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुराचे उदाहरण घ्या. नाशिककर पूर मीटरमध्ये मोजत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागले, कमरेपर्यंत आले, गळ्याला आले, डोक्यावरून गेले, ही आपली मोजपट्टी. त्यापुढे काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचे नाव निघते. १९६९ चा पूर गंगापूर धरण १९६५ ला पुरे झाल्यावर चारच वर्षांनी आला. त्याबद्दल कोणालाही विचारा, पहिल्या पाच मिनिटांत मारुती आणि घंटा येणारच, कारण ते सगळ्यांनी सगळ्यांकडून ऐकलेले आहे. खरा ऐवज नंतर येतो. पाणी घराच्या कितव्या पायरीला थांबले, धान्याची पोती माळ्यावर कोणी चढवली, चूल कोणाच्या गच्चीवर मांडली, ओसरल्यावर गाळ किती बोटे होता आणि तो कशाने खरवडला, आडाचे पाणी किती दिवस पिता आले नाही. ही उत्तरे चाळिसाव्या मिनिटाला येतात, चहा झाल्यावर येतात, कधी घरातली दुसरी बाई दारातून “अहो, तसं नव्हतं” म्हणते तेव्हा येतात. तीन मिनिटांच्या फितीत मारुती राहील आणि पायरी जाईल. पायरीची उंची आजही टेपने मोजता येते. एका गल्लीतल्या दहा घरांच्या पायऱ्या मिळाल्या तर त्या गल्लीची पूररेषा काढता येते आणि २००८ व २०१६ साली सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरले तेव्हाच्या आठवणींशी ताडून पाहता येते. गंगेकाठच्या शहराला याचा उपयोग आहे. १९६९ साली १५ वर्षांचा असलेला मुलगा २०२७ च्या सिंहस्थात ७३ वर्षांचा असेल. त्याच्याकडे पुन्हा जाऊ म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसणे परवडणारे नाही.

कापाकापीत सन कसा बिघडतो तेही सांगितले पाहिजे. सांगणारा माणूस सन क्वचित सांगतो. “दुष्काळाच्या आधी”, “थोरलीचं लग्न झालं त्या सिंहस्थात”, “धरणाचं काम चालू होतं तेव्हा” अशा खुणांवरून आपल्याला काळ बांधावा लागतो. दुष्काळ म्हणजे १९७२, हे पक्के धरता येते. सिंहस्थ १९८०, १९९१-९२, २००३-०४, २०१५-१६ पैकी कोणता, हे मुलीच्या आजच्या वयावरून ठरवावे लागते, आणि दोन सिंहस्थांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या आहेत असेही पुष्कळदा आढळते. आमची पद्धत अशी की बोलणाऱ्याला मध्येच थांबवून सुधारायचे नाही. आपण काढलेला सन नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहायचा, शेजारी प्रश्नचिन्ह करायचे आणि तो कशावरून काढला ते एका ओळीत लिहायचे. फितीच्या तळाशी ठळक अक्षरांत सन छापला की ते प्रश्नचिन्ह गळते, नोंदवही रद्दीत गेली की कारणही गळते, आणि अंदाजाची वस्तुस्थिती होऊन बसते. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीबद्दल बोलणारी माणसे आपल्या संग्रहात आहेत. तिथे कोण कुठे उभे होते, गर्दी कोणत्या बाजूने आली, हा तपशील अशा ढिलाईने हाताळण्याचा नव्हे.

काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या आठवणींना तर दुप्पट काळजी हवी. सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि १९३५ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकची बाजू दादासाहेब गायकवाडांनी लावून धरली. १९३५ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज शंभरी ओलांडलेले असेल. म्हणजे आज जे मिळते ते जवळजवळ सगळे ऐकीव आहे: आजीने नातवाला सांगितलेले, वडिलांनी जयंतीच्या दिवशी घरात सांगितलेले. ऐकीव असण्यात कमीपणा काहीच नाही. घराघरांतून ती गोष्ट कशी सांगितली गेली, काय सांगितले आणि काय गिळले, हाही इतिहासच आहे. फक्त ती कोणाकडून, कोणत्या वयात आणि किती वेळा ऐकली याची नोंद तिच्याबरोबर राहिलीच पाहिजे. फिती कापणारा “माझी आजी सांगायची” हे पहिले वाक्य वेळ वाचवायला काढून टाकतो. तेवढ्याने नातू प्रत्यक्षदर्शी बनतो. उद्या कोणी त्याचे वय मोजून त्याला खोटा ठरवील आणि बोल त्या कुटुंबाला लागेल. मूळ रेकॉर्डिंग असेल तर निदान दाखवता येईल की तो खोटे बोलला नव्हता.

संमतिपत्रांबद्दल मंडळाचा समज असा दिसतो की सही घेतली, काम झाले, कागदाची गरज संपली. गरज तिथून सुरू होते. आपल्या संमतिपत्रात चार पर्याय आहेत: सगळे खुले, नाव न लावता खुले, ठरावीक वर्षांनंतर किंवा सांगणाऱ्याच्या पश्चात खुले, आणि फक्त संग्रहात बसून ऐकण्यासाठी. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा आहे आणि पर्याय वाचून दाखवल्याचे रेकॉर्डिंगही आहे. पुष्कळ पत्रांच्या मागे हाताने लिहिलेल्या अटी आहेत. भाऊबंदकीचा भाग काढा, सासरचे नाव नको, अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंत कोणाला ऐकवू नका. रंगपंचमीच्या रहाडींचेच, म्हणजे रंगात उडी मारायच्या जुन्या हौदांचेच बघा. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, शनी चौक इथल्या रहाडी कशा उघडतात, वर्षभर फळ्या आणि माती टाकून कशा बुजवून ठेवतात, पहिला धप्पा (उडी) कोणाचा, हे सगळ्यांनी मोकळेपणाने सांगितले. फुले उकळून रंग करण्याचे घरातले प्रमाण मात्र काहींनी ‘जपून ठेवा, छापू नका’ या अटीवर दिले. तीर्थोपाध्यायांनी नामावळीच्या वह्या कशा लिहितात, गाव आणि आडनावावरून पान कसे शोधतात हे दाखवले, पण यजमानांची नावे बाहेर जाऊ नयेत असे बजावले. ही पत्रे रद्दीत गेली की कोणती फाइल खुली आणि कोणती बंद हे सांगणारे काहीच उरत नाही. मग एक तर सगळेच बाहेर जाईल किंवा भीतीपोटी सगळेच कुलपात राहील. शिवाय त्या कागदांवर नाव, पत्ता, वय, सही आणि अंगठा आहे. असा कागद रद्दीच्या दुकानात जाऊ द्यायचा?

ठेकेदाराबद्दल आम्ही सविस्तर लिहितो, कारण बाहेरून हे काम सोपे दिसते. एक मुलाखत म्हणजे किमान तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत रेकॉर्डर बाहेर काढायचाच नाही. ओळख, कामाची माहिती, घरातले जुने फोटो पाहणे आणि कोणत्या वेळी घर शांत असते ते विचारणे एवढेच. दुसऱ्या फेरीत मुलाखत, साठ ते नव्वद मिनिटे. त्याहून जास्त वेळ बोलले की म्हातारे माणूस दमते, दमले की ‘हो’ आणि ‘नाही’वर येते. बसण्याची जागा रस्त्याच्या खिडकीपासून लांब, फ्रिज आणि कुकरपासून लांब. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, मंगळसूत्र, साखळी आणि पदर घासणार नाही असा लावायचा. सगळे मोबाइल फ्लाइट मोडवर, नुसते सायलेंट केले तरी रेकॉर्डिंगमध्ये टर्रर्र असा आवाज येतो. सुरुवातीला तारीख, जागा, सांगणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव बोलून घ्यायचे, मग अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचा आवाज घ्यायचा. तिसऱ्या फेरीत उतरवलेला मजकूर वाचून दाखवायचा आणि दुरुस्त्या घ्यायच्या. मधले उतरवण्याचे काम सगळ्यांत मोठे. सरावाच्या माणसाला एका तासाच्या बोलण्याला सहा ते आठ तास लागतात, दोघे-तिघे एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त.

नगावर पैसे मिळणारा माणूस यातले काय वगळील हे उघड आहे. पहिली फेरी जाईल, तिसरी जाईल आणि दुसरीत प्रश्न असे पडतील की उत्तर लवकर संपावे. “पूर फार भयंकर होता ना?” असे विचारले की “हो, फार” एवढेच मिळते. “त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे होता?” असे विचारून गप्प बसले की माणूस स्वतः घाटाच्या पायऱ्या उतरू लागतो. ते गप्प बसणे हा कामाचा सर्वांत कठीण भाग आहे. काही वेळा पंधरा-वीस सेकंद शांतता पडते, नवखा माणूस घाबरून पुढचा प्रश्न टाकतो आणि वर येत असलेली आठवण परत खाली जाते. मोबदला देऊ नये असे आमचे म्हणणे नाही. द्यावा, चांगला द्यावा, पण तासांवर द्यावा आणि त्यात तिन्ही फेऱ्या व उतरवण्याचे तास धरावेत.

ठेकेदाराच्या नमुन्यात मजकूर ‘शुद्ध मराठीत’ हवा, अशी अट आहे. ती काढून टाका. सिडकोतल्या आजी अहिराणीत बोलतात, कोकणीपुऱ्यात दखनी कानावर पडते, पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसे कोकणा बोलतात. आणि जुना नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. “गंगेवर जाऊन येतो”, “गंगेला पाणी आलं”. नमुना म्हणून दिलेल्या पानात प्रत्येक ‘गंगा’ खोडून ‘गोदावरी’ केलेली आम्ही पाहिली. ज्याला होळकर पूल म्हणतात त्याला बोलणाऱ्याने व्हिक्टोरिया पूल म्हटले असेल तर मजकुरात व्हिक्टोरिया पूलच राहिला पाहिजे, खुलासा तळटीपेत द्यावा. बोलीतला शब्द आहे तसा, अर्थ कंसाबाहेर वेगळ्या ओळीत, थांबणे आणि हसणे चौकटी कंसात, न कळलेला शब्द अंदाजाने न भरता वेळेसह मोकळा सोडलेला, ही उतरवण्याची शिस्त आहे. पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती कोरून घेतली आहे. तो लेख प्राकृतात आहे. पुढच्या कोणी तो घासून संस्कृतात कोरला नाही, म्हणून त्या काळची भाषा आज अभ्यासकांच्या हाती आहे. आपण आपल्या आज्यांच्या बोलण्याला तेवढा मान द्यावा.

फोटोंबद्दल थोडक्यात. प्रदर्शनासाठी जुने फोटो लॅमिनेट करायला काढल्याचे ऐकतो. कृपा करून आजच थांबवा. लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक फोटोच्या थरात बसतो, तो नंतर काढता येत नाही. सेलोटेप नको, मागे बॉलपेनने लिहिणे नको, लिहायचे तर मऊ पेन्सिलने कडेला. प्रदर्शनात ६०० डीपीआयवर स्कॅन करून काढलेली छापील प्रत लावा आणि मूळ फोटो ज्याचा त्याला परत द्या. घेतलेले फोटो त्याच दिवशी परत करायचे असा आपलाच नियम होता.

तक्रारी मांडताना आमच्या उणिवा लपवणे बरे नव्हे. सुरुवातीच्या फायलींची नावे एकसारखी नाहीत, काहींना तारीख आहे तर काहींना नुसते आडनाव. पुष्कळ मुलाखतींची मिनिटवार सूची झालेली नाही, त्यामुळे कोणत्या फाइलमध्ये काय आहे हे मंडळाला कळत नाही. ‘पाल्हाळिक’ हा शेरा काही अंशी त्यातून आला असावा, हे आम्ही मान्य करतो. बायकांच्या मुलाखती कमी आहेत, कारण आम्ही सुरुवातीला घरातल्या कर्त्या पुरुषाकडूनच सुरुवात करत गेलो. जुन्या गढीवरच्या घरांच्या आठवणी घ्यायला आम्ही उशीर केला. त्या मातीच्या टेकाडात १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले, मातीखालचे पुस्तकात आले, पण वर राहणाऱ्यांना पावसाळ्यात माती खचताना काय सोसावे लागते ते कोणी विचारलेले नाही. हे काम अजून उरले आहे आणि त्यासाठी अनुभवी हात लागतील.

आता मागण्या.

मूळ रेकॉर्डिंग पुसण्याचा आणि कागद रद्दीत देण्याचा भाग तात्काळ स्थगित करावा. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो मांडावा आणि त्या सभेला मुलाखत दिलेल्या माणसांना बोलावावे.

प्रत्येक फाइलच्या तीन प्रती कराव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक पूररेषेबाहेर ठेवावी. सगळ्या प्रती गंगेकाठच्या एकाच इमारतीत ठेवणे नाशिकमध्ये तरी शहाणपणाचे नाही. नाशिकरोड किंवा देवळालीत जागा मिळू शकते. पेनड्राइव्ह ही साठवण नव्हे. डिस्क वर्षातून एकदा तरी जोडून चालवावी, चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहावा म्हणजे एखादी फाइल न कळत बिघडली असेल तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच भरून काढता येते, आणि साधारण पाच वर्षांनी डिस्क बदलावी.

संमतिपत्रे आणि नोंदवह्या स्कॅन कराव्यात. मूळ कागद कुलपात राहू द्यावेत. फाइलच्या नावातच खुली की बंद हे कळेल असे चिन्ह घालावे.

फिती जरूर काढाव्यात, पण प्रत्येक फीत दाखवण्याआधी सांगणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना दाखवून होकार घ्यावा आणि फितीवर मूळ फाइलचा क्रमांक व मिनिटे द्यावीत. हे काम आम्ही विनामोबदला करू. मूळ बोलणे ज्यांनी घेतले त्यांना कुठे कापू नये हे ठाऊक आहे.

मुलाखत दिलेल्या प्रत्येक घरी त्यांच्या रेकॉर्डिंगची पूर्ण प्रत पोहोचवावी. हे आधीच व्हायला हवे होते. यात तुमच्याइतकीच आमचीही दिरंगाई आहे.

संग्रहाबद्दलचे निर्णय घेणाऱ्या समितीत मुलाखत दिलेल्यांपैकी दोघे आणि स्वयंसेवकांपैकी दोघे असावेत. दोघांपैकी एक तरी बाई असावी, दोन्ही बाजूंनी.

खोली सोडायची असेल तर सोडू. त्याआधी यादीप्रमाणे मोजून घेणारा माणूस नेमावा, दोन्ही बाजूंनी सह्या व्हाव्यात आणि सामान हलवताना आमच्यापैकी कोणीतरी हजर असावे.

या पत्राचे उत्तर लेखी द्यावे, ही विनंती. ते आम्ही ज्यांच्या घरी बसून बोलणे घेतले त्या प्रत्येक घरी नेऊन वाचून दाखवणार आहोत.

आपले,
स्मृतिसंग्रहाचे स्वयंसेवक,
नाशिक

ता. क. उत्तराची वाट न पाहता एक गोष्ट करता येईल. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात लोकांनी दिलेल्या जुन्या कॅसेट आहेत आणि त्या भिंतीला ओल येते. पावसाळ्याआधी त्या वरच्या खणात, उभ्या, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवाव्यात आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. ज्यांवर पांढरी बुरशी दिसते त्या वेगळ्या पिशवीत बांधाव्यात आणि टेपरेकॉर्डरमध्ये मुळीच घालू नयेत, कारण बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला जाते. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, ते काम घाईने होत नाही. किल्ली दिलीत तर आम्ही येत्या रविवारी सकाळी येऊन हे करून जाऊ.